आदल्या दिवसाची आच

रात्री झोपण्यापूर्वी एका डब्यात ओट्स, दूध, दही आणि शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे बाजारात ज्याला पीनट बटर म्हणतात ते, एकत्र कालवून ठेवावे आणि सकाळी चूल किंवा शेगडी न पेटवता तोच डबा उघडून न्याहारी करावी, ही रीत आता केवळ मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. २०२४ मध्ये ज्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यात, सावेडीच्या सदनिकांपासून लोणी-संगमनेरच्या वसतिगृहांपर्यंत, ओट्सची पाकिटे आणि शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या किराणा दुकानांत दिसू लागल्या आहेत. या रीतीकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक म्हणजे तिला परदेशी थेर समजून बाजूला सारणे, आणि दुसरी म्हणजे तिला आरोग्याचे नवे शास्त्र समजून डोक्यावर घेणे. पुढील विवेचनात या दोन्ही वाटा टाळल्या आहेत. जो पदार्थ सकाळी विस्तवाशिवाय तयार होतो त्याचा विस्तव आधी केव्हा, कोठे आणि कोणी पेटवला, हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधताना हा नवा डबा जिल्ह्यातील जुन्या आंबिलीच्या गाडग्याशेजारी आपोआप येऊन बसतो.

न्याहारीचा प्रश्न या जिल्ह्यात नेहमीच वेळेचा प्रश्न राहिलेला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी गळीत हंगामासाठी बाहेर पडणारी ऊसतोड कुटुंबे उजाडण्यापूर्वीच फडात असतात, आणि त्याही आधी उठून भाकरी थापणारी बाई नंतर हातात कोयता घेऊन पुरुषाच्या बरोबरीने ऊस तोडते. दुधाच्या धंद्यावर उभ्या असलेल्या राहाता, संगमनेर, कोपरगाव या तालुक्यांत पहाटेची धार आणि संकलन केंद्राची वेळ यांत घरातील दोन माणसे गुंतलेली असतात. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीला जाणारा कामगार आणि पुण्यात चार जणांच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पारनेर-कर्जतचा मुलगा यांचीही अडचण जातीने तीच आहे. सकाळी वेळ नसतो, आणि चहा-बिस्किटावर किंवा वडापावावर दुपारपर्यंतचे अंतर कापावे लागते. म्हणून ‘सोपी न्याहारी’ हा विषय हौसेचा समजणे चुकीचे ठरेल. ज्या घरात स्वयंपाकाचा सगळा भार एकाच बाईवर आहे, तेथे सकाळचा अर्धा तास वाचणे म्हणजे तिची अर्ध्या तासाची झोप वाचणे होय.

ओट हे धान्य या मातीला अगदीच अनोळखी नाही, परंतु त्याची ओळख गोठ्यातून झालेली आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ या नावाचा ओटचा वाण दिला तो हिरव्या चाऱ्यासाठी, आणि रब्बीत पाण्याची सोय असलेला दूध उत्पादक शेतकरी ओट पेरतो तोही गाईसाठी, कणसात दाणा भरण्याआधी कापून वैरण करण्याच्या हेतूने. माणसाच्या खाण्यातील ओट्स मात्र गिरणीतून आलेले असतात आणि त्या गिरणीत त्यांच्यावर काय संस्कार होतो हे समजल्याशिवाय रात्रभर भिजवण्याची रीत समजत नाही. ओटच्या दाण्यात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो, तांदूळ आणि गहू यांच्या मानाने कितीतरी अधिक. त्या स्निग्धांशाचे विघटन करणारे लायपेज नावाचे विकर, म्हणजे सजीव पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, याच दाण्यात असते. दाणा फुटला की हे विकर कामाला लागते आणि पीठ काही दिवसांत कडू होते. यावर गिरणीने काढलेला उपाय असा, की टरफल काढलेला दाणा आधी वाफवायचा, त्यामुळे विकर निकामी होते, आणि मग तो रुळांखाली दाबून चपटा करायचा. पाकिटातील चपटे ओट्स दिसायला कच्चे असले तरी ते वाफवलेले आहेत. ते थंड दुधात मऊ होतात आणि पोटाला जड जात नाहीत, याचे मोठे कारण ही वाफ आहे.

हीच अडचण जिल्ह्यातील बायकांनी वेगळ्या मार्गाने सोडवलेली होती, याची नोंद सहसा होत नाही. बाजरीतही सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि तिचे पीठही दळून ठेवले की आठवड्याभरात कडसर लागू लागते. पारनेर, नगर, पाथर्डी या बाजरी खाणाऱ्या तालुक्यांत त्यासाठी वाफेचे यंत्र कोणी आणले नाही. लागेल तेवढेच पीठ जात्यावर दळायचे, हा तेथील उपाय होता, आणि आजही जाणती गृहिणी बाजरीचे दळण गव्हाइतके मोठे टाकत नाही. एकाच रासायनिक दोषावर एका ठिकाणी कारखान्याने आणि दुसऱ्या ठिकाणी बाईच्या पहाटेच्या श्रमाने मात केली. म्हणून ओट्सच्या पाकिटावर ‘झटपट’ असे लिहिलेले असते आणि बाजरीच्या वाट्याला ‘कष्टाचे धान्य’ ही ओळख येते. दोन धान्यांच्या गुणात फारसा उणे-अधिकपणा नसून त्यांच्यावर आधी झालेल्या कामात तो आहे, हे येथे ठामपणे सांगणे आवश्यक वाटते. राहुरी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण लोहाच्या अधिक प्रमाणासाठी मुद्दाम निवडलेला आहे. पोषणाच्या दृष्टीने बाजरीने ओट्सपुढे मान खाली घालावी असे काहीही नाही.

आता या डब्यातील दुसऱ्या घटकाकडे वळता येईल. भुईमूग हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. फूल जमिनीवर येते, आणि फलधारणेनंतर त्याच्या खालून निघालेली आरी जमिनीत शिरून तेथे शेंग धरते. आऱ्या सुटण्याच्या वेळी जमीन भुसभुशीत आणि ओलसर असावी लागते, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. उपट्या, निमपसऱ्या आणि पसऱ्या हे त्याचे प्रकार झाडाच्या ठेवणीवरून पडलेले आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला ‘फुले प्रगती’ हा लवकर येणारा उपट्या वाण महाराष्ट्राच्या बाहेरही मोठ्या प्रमाणात पेरला गेला. दाण्यात साधारणपणे निम्मे तेल आणि चौथा हिस्सा प्रथिने असतात. शेंगदाण्याच्या लोण्याचे सगळे रहस्य या निम्म्या तेलात आहे.

भाजलेला दाणा जात्यावर, उखळात किंवा मिक्सरमध्ये दळला की प्रथम कूट होतो. मराठी स्वयंपाकघर बहुतेक वेळा तेथेच थांबते, कारण भाजीला, कोशिंबिरीला आणि साबुदाण्याच्या खिचडीला भरड, मोकळा कूटच हवा असतो. दळण पुढे चालू ठेवले तर घर्षणाच्या उष्णतेने पेशींतील तेल मोकळे होते, कुटाचा आधी चिकट गोळा बनतो, आणि आणखी काही मिनिटांनी तो गोळा सैल होऊन पळीने ओतता येईल असा पातळ होतो. बाहेरून तेलाचा थेंबही घालावा लागत नाही. कूट आणि लोणी यांत अंतर आहे ते एवढ्या काही मिनिटांचे. उखळात मुसळाने कांडलेल्या, तेल सुटलेल्या सोलापुरी शेंगदाणा चटणीत तर हे अंतरही अर्धे कापलेले असते. तिखट, लसूण आणि मीठ वजा केले तर ती शेंगदाण्याच्या भरड लोण्याच्या अगदी जवळची वस्तू आहे. पाश्चात्त्य देशांत या पदार्थाचे पेटंट कॅनडातील मार्सेलस गिलमोर एडसन यांनी १८८४ मध्ये घेतले, आणि पुढे दहा-बारा वर्षांनी अमेरिकेतील डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी तो मऊ, चावावा न लागणारा आहार म्हणून पुढे आणला. अमेरिकी नियमाप्रमाणे या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान ९० टक्के शेंगदाणे असावे लागतात. उरलेल्या भागात साखर, मीठ आणि तेल वर तरंगू नये म्हणून घातलेले घट्ट स्निग्ध पदार्थ येतात. घरी केलेल्या लोण्यावर तेलाचा तवंग येतो, तो दोष समजून ओतून टाकू नये, चमच्याने पुन्हा एकजीव करावा.

ओट्स रात्रभर भिजवण्याची कल्पना झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर यांच्याकडे जाते. त्यांनी १९००च्या सुमारास रुग्णांसाठी जो पदार्थ रूढ केला त्यात भिजवलेले ओट्स अवघे एक चमचाभर आणि किसलेले सफरचंद मात्र अख्खे असे. फळ मुख्य आणि धान्य नावापुरते, असा तो पदार्थ होता. आजच्या डब्यात हे प्रमाण पूर्णपणे उलटले आहे. त्यामुळे त्या डॉक्टरांच्या नावाने आजच्या पदार्थाचे गुण सांगणे योग्य होत नाही.

अहिल्यानगरच्या खेड्यांत रात्रीला कामाला लावणारे पदार्थ याहून जुने आहेत आणि त्यांतील आंबील ही सर्वांत विचारपूर्वक घडलेली वाटते. सायंकाळी ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ पाण्यात अथवा पातळ ताकात कालवून झाकून ठेवतात. रात्रीत दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वाढतात आणि ते आंबते. सकाळी आधणाच्या पाण्यात ते ओतून, गुठळ्या होऊ न देता हाटून शिजवतात, आणि निवल्यावर ताक, मीठ, जिरे, लसूण घालून पितात. येथे आच सकाळी लागते, कारण कच्च्या पिठातील पिष्ट, म्हणजे व्यवहारात ज्याला स्टार्च म्हणतात तो भाग, थंड पाण्यात कितीही वेळ ठेवला तरी फुलत नाही. तो फुलण्यासाठी उष्णता आणि पाणी एकत्र यावे लागते. दूध-भाकरीच्या काल्याचे उलट आहे. आदल्या रात्रीची भाकरी सकाळी दुधात किंवा ताकात कुस्करली की न्याहारी होते, कारण तिची आच आदल्या रात्रीच तव्यावर लागून गेलेली असते. तिसरा प्रकार लाह्यापिठाचा. नागपंचमीला घरोघरी ज्या ज्वारीच्या लाह्या लागतात त्याच लाह्या दळून केलेले पीठ ताकात मीठ-जिरे घालून किंवा दुधात गूळ घालून कालवले की लगेच खाता येते. दाणा फुटताना आतील पिष्ट शिजून फुललेले असते, म्हणून लाह्यापिठाला पुन्हा विस्तव दाखवावा लागत नाही.

या तीन पदार्थांच्या रांगेत ओट्सचा डबा ठेवला की त्याची जागा लाह्यापिठाशेजारी आहे हे स्पष्ट दिसते. ओट्सला गिरणीची वाफ, लाहीला भट्टीची धग आणि शेंगदाण्याला कढईचे भाजणे, अशी प्रत्येकाची आच आधी होऊन गेलेली आहे, आणि रात्रीला उरते ते फक्त मुरवण्याचे काम. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घरोघरी प्रयोग फसतात. ओट्सऐवजी स्थानिक धान्य वापरायचे असेल तर कच्चे ज्वारीचे पीठ किंवा कच्चा बाजरीचा रवा दुधात भिजवून चालत नाही. ज्वारीच्या लाह्या, ज्वारीचे पोहे, शिजवून निवलेल्या कण्या, किंवा भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळलेले नाचणीचे पीठ घ्यावे लागते. अकोले तालुक्याच्या डोंगरउतारावर नाचणी आणि वरई पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. त्याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाणे जगवण्याचे काम तेथे झाले आहे. ते धान्य शहरातील मुलाच्या सकाळच्या डब्यात जाईल अशा रूपात आणण्याचे काम अजून बरेच बाकी आहे, आणि गावोगावच्या बचत गटांना त्यात मोठा वाव आहे.

पोषणाविषयी जे दावे केले जातात त्यांपैकी काही खरे, तर काही ताणलेले आहेत. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो. भिजल्यावर डब्यात जो बुळबुळीत दाटपणा येतो तो त्याचाच. दिवसाला तीन ग्रॅम इतका हा तंतू पोटात गेल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे वेष्टनावर लिहिण्यास अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली. हा दावा पुराव्यावर उभा आहे. परंतु रात्रभर भिजवल्याने ओट्समधील लोह, जस्त ही खनिजे मोठ्या प्रमाणात सुटी होतात, असे जे सांगितले जाते ते फारसे टिकत नाही. खनिजांना धरून ठेवणाऱ्या फायटेट या द्रव्याचे विघटन करणारे विकर ओटमध्ये मुळातच कमी असते आणि तेही वाफेने बरेचसे नष्ट झालेले असते. आंबवलेल्या आंबिलीच्या बाबतीत तोच दावा कितीतरी अधिक खरा आहे. तसेच धान्याला शेंगदाण्याची जोड दिली की प्रथिने परिपूर्ण होतात, हाही समज तपासून घ्यावा लागतो. ज्वारी-बाजरीत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी पडते. भुईमुगातही ते डाळी किंवा दुधाइतके नाही. ती उणीव खऱ्या अर्थाने भरून निघते ती दुधा-दह्याने, आणि दुधाच्या या जिल्ह्यात ते टाळण्याचे कारण नाही. अर्धी वाटी म्हणजे सुमारे ४० ग्रॅम ओट्स, दीडशे मिलिलिटर दूध आणि एक मोठा चमचा शेंगदाण्याचे लोणी यांतून साधारण १४ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे चहा-बिस्किटाच्या न्याहारीच्या कित्येक पट.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात सांगून होते. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजावेत, निवल्यावर साले पाखडून टाकावीत, आणि मिक्सरला मधून मधून विसावा देत, भांड्याच्या कडा खरवडत, तेल सुटेपर्यंत दळावेत. रात्री एक मोठा चमचा लोणी आधी दोन चमचे कोमट दुधात सैल करून घ्यावे, नाही तर थंड दुधात त्याच्या गुठळ्या राहतात. मग ओट्स, उरलेले दूध, दोन चमचे दही आणि चवीपुरता किसलेला गूळ घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवावे. केळे मात्र सकाळीच चिरावे. स्टीलचा साधा डबा पुरतो, काचेच्या बरणीची गरज नाही. लाह्यापीठ घ्यायचे असल्यास ते रात्री न भिजवता सकाळीच कालवावे, कारण त्याला मुरायला पाच-दहा मिनिटेच लागतात आणि रात्रभरात त्याचा लगदा होतो.

दोन बाबतींत मात्र हयगय चालणार नाही. पहिली उष्णतेची. एप्रिल-मे महिन्यांत या जिल्ह्याचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि वीज रात्री-अपरात्री जाते. अशा वेळी गोड्या दुधात कालवलेला डबा बाहेर राहिला तर तो नासतो. आंबील आंबणे आणि दूध नासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबिलीत आंबटपणा लवकर वाढून घातक जिवाणूंना अटकाव होतो आणि वर ती सकाळी उकळलीही जाते, तर या डब्याला असे कोणतेच संरक्षण नाही. ज्या घरी फ्रिज नाही किंवा विजेचा भरवसा नाही, त्या घराने आंबील किंवा सकाळी कालवलेले लाह्यापीठ हाच मार्ग धरावा, त्यात कमीपणा काही नाही. दुसरी बाब दाण्याची. शेंगा नीट न वाळवता, ओलसर साठवल्या तर त्यांवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक आणि कर्करोगास कारण होणारे विष तयार करते. हे विष घरगुती भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. चटणीत खवट दाणा जिभेला लगेच कळतो, परंतु गूळ घातलेल्या लोण्यात तो लपतो. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले आणि कडू दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाकावेत. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा पदार्थ नाही, आणि लहान बाळाला घट्ट लोण्याचा गोळा भरवू नये, तो घशात अडकतो.

पुढील प्रकरणांत ओट्सबरोबरच ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वरई यांच्या न्याहारीचे प्रकार वाटीच्या मापात आणि ग्रॅममध्ये दिलेले आहेत. त्यांत सर्वांत अवघड गेले ते आंबिलीचे माप, कारण ती आजवर अंदाजाने आणि हाताच्या सरावाने होत आली आहे. पीठ किती, पाणी किती, थंडीत किती तास आणि उन्हाळ्यात किती, हे अकोल्यात वेगळे आणि जामखेडात वेगळे आहे. ज्या वाचकांच्या घरी आजही आजी किंवा सासूबाई आंबील करतात, त्यांनी एकदा त्यांच्या शेजारी बसून त्या घेतील ते पीठ वाटीने मोजावे, भिजवण्याची आणि चुलीवर ठेवण्याची वेळ टिपून घ्यावी आणि ती नोंद तालुक्याच्या नावासह जपून ठेवावी, अशी आग्रहाची विनंती आहे.